‘हजर’ ग्रुप आणि साडेसहाची गाडी

विषय : ‘हजर’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घडत असलेल्या गोष्टींबाबत.
संदर्भ : सुशीलाबाईंचे पंचवीस शेक.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, सदर ग्रुपमध्ये फक्त कॅन्सरवाल्यांनाच प्रवेश आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन जिल्ह्यांची मंडळी. मी चिमूरचा. सरकारी कचेरीत सदतीस वर्षं कारकुनी केली. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत फाइली हातावेगळ्या केल्या, शेवटी डॉक्टरांनी माझा अर्धा जबडा हातावेगळा केला आणि मी ग्रुपमध्ये पात्र ठरलो.

कचेरीत फाइली साचतात, कारण त्यांना कोणी हात लावत नाही. या ग्रुपमध्ये किस्से साचतात, कारण एक सांगून होईस्तोवर दुसरा घडलेला असतो!

सध्या मात्र सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला आहे. सुशीलाबाईंचे शेक पुरे होतात की नाही? रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. पंचवीस घ्यायचे आहेत आणि मध्ये खाडा चालत नाही. पण त्याकडे मी क्रमाने येतो. सवय आहे.

*

ग्रुपची रीत एकच. रोज सकाळी प्रत्येकाने ‘हजर’ लिहायचं. रीत ज्योतीताईंची. त्या चंद्रपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण आणि ग्रुपच्या ॲडमिन.

मला प्रथम हसू आलं. जन्मभर मस्टरवर सह्या केल्या, आता आजारपणातही मस्टर!

मग ताईंचं दुसरं ऑपरेशन झालं. त्या सकाळी त्यांनी सातला ‘हजर’ लिहिलं आणि फोन बंद झाला. संध्याकाळी त्यांच्या नंबरवरून मेसेज आला : ‘मी इथली सिस्टर बोलत आहे. बाई शुद्धीवर आल्या. पहिला शब्द बोलल्या, हजर लिहा. म्हणून लिहीत आहे. हजर.’

सदतीस वर्षांत मी पूर्ण शुद्धीवर असून हजर नसलेले शेकडो पाहिले. हा प्रकार प्रथमच पाहिला.

*

औषधं सुचवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा मी एक परिपत्रक काढलं. जो कोणी डॉक्टरला सोडून दुसरा उपाय टाकेल, त्याने तो आधी स्वतः महिनाभर करावा आणि अहवाल सादर करावा.

घुग्घुसचा मारोती कोळसा खाणीत डंपर चालवतो. त्याने कुठल्याशा कडू पाल्याचा फोटो टाकला होता. गडी जिद्दीचा! म्हणाला, “खाऊन दाखवतो, बाबूजी.”

चौथ्या दिवशी अहवाल आला : “कॅन्सर जाते का नाई, मले मालूम नाई. पण वासानं बायको माहेरी गेली. पाला बंद केला. डॉक्टरची गोळी चालू हाय.”

तेव्हापासून ग्रुपवर एकही पाला उगवला नाही.

*

रफिकभाई चंद्रपूरचे टेलर. त्यांची अर्धी जीभ काढली आहे. तरी सर्वांत लांब व्हॉइस मेसेज त्यांचेच, दोन-दोन मिनिटांचे! मला सुरुवातीला त्यातलं अक्षर कळत नसे. ज्योतीताई मात्र खडाखडा उत्तरं द्यायच्या.

“तुम्हाला कसं कळतं हो?” मी विचारलं.

“पंधरा दिवस रोज ऐका. वर्गात पहिलीची पोरं आली की मी तेच करायची.”

मी ऐकू लागलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? विसाव्या दिवशी रफिकभाईंच्या मुलाचा फोन आला. घाबरलेला होता. “चाचा, अब्बा कब से कुछ बोल रहे, समझ में नहीं आ रहा. उनको फोन देता हूँ, जरा सुनो.”

मी ऐकलं. म्हटलं, “बाबा रे, गॅसवर दूध ठेवलंय म्हणतात. बंद कर!”

पोटच्या पोराला बापाचं बोलणं कळेना. आणि माझ्यासारखा माणूस, ज्याने समोर उभ्या असलेल्या धडधाकट माणसाचंही कधी नीट ऐकलं नाही, तो चिमुरात बसून दुभाष्या झाला!

*

याच रफिकभाईंनी एक काम अंगावर घेतलं आहे. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांची एक बाजू काढावी लागली, अशा बायका त्यांना जुनं ब्लाउज पोस्टाने पाठवतात. ते आत खिसा शिवतात आणि खिशात कापसाची गादी बसवतात. दोन्हीकडे वजन सारखं यावं म्हणून गादीत आधी ज्वारी भरत. एका बाईंच्या ब्लाउजला उंदीर लागले. तेव्हापासून काचेचे मणी.

सुशीलाबाईंचं ब्लाउज असंच गेलं आणि आलं. सुशीलाबाई म्हणजे चिमूरच्या पलीकडे, ताडोब्याच्या कडेला असलेल्या गावातल्या. नवरा नाही. ऑपरेशन झाल्यापासून त्या पदर घट्ट आवळून घरातच बसायच्या. लग्नाकार्याला जाणं बंद केलं होतं.

पार्सल पोचलं त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला : “पुतण्याच्या वरातीत नाचून आली. गादी जागेवर हाय.”

रफिकभाईंनी नुसता रडणारा चेहरा टाकला. शेवटी मी लिहिलं, “पोच मिळाली.”

*

आता मूळ मुद्दा.

अकरा शेक झाले आणि एका गुरुवारी सुशीलाबाईंनी कळवलं, “उद्यापासून मी येत नाई. पुरे झालं.”

कारण असं. गावातून चंद्रपूरला सकाळी एकच गाडी. सुटते साडेसहाला, पोचते सव्वानऊला. शेकाच्या मशीनवर त्यांचा नंबर त्या आठवड्यापासून नऊचा झाला होता. नंबर चुकला की सगळ्यांत शेवटी, म्हणजे चार वाजता. आणि परतीची गाडी तीनला. मागच्या चार दिवसांत दोनदा मुक्काम पडला होता. घरी आंधळी सासू एकटी आणि ती सुनेशिवाय कोणाच्या हातचं खात नाही. दोन्ही दिवस उपाशी होती.

ज्योतीताई म्हणाल्या, “माझ्याकडे राहा महिनाभर, सासूबाईंनाही आणा.” मारोती म्हणाला, “बुढीले मी खांद्यावर आणतो!”

त्यावर ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. आवाज सासूबाईंचा. “मी माह्यं घर सोडून कुठी येत नाई! अन् माह्या सुनेले ठेवून घेणारे तुम्ही कोण? अन् तिचा एक बी शेक चुकला, त एकेकाची टांग तोडीन! फोन बंद कर वं, सुशीले!”

म्हणजे सुनेने जायचंही, राहायचंही नाही आणि चुकवायचंही नाही. असे आदेश मी फक्त मंत्रालयातून आलेले पाहिले होते.

मग सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. ग्रुपवर पाहिल्याचं दिसत नाही, पण कळतं. आयुष्यभर मी लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. स्वतः अर्ज पहिल्यांदाच लिहिला : ‘सकाळची गाडी अर्धा तास अगोदर, म्हणजे सहाला सोडणेबाबत.’ शुक्रवारी सकाळीच एसटीच्या आगारात समक्ष नेऊन दिला आणि पोच घेतली. त्या दिवशी मारोती रजा टाकून मोटरसायकलवर गेला आणि त्याने सुशीलाबाईंना वेळेत नेऊन आणलं. पण रोज त्याला जमणार नव्हतं.

सोमवारी सकाळी पावणेनऊला सुशीलाबाईंचा मेसेज : “गाडी लवकर पोचली. नंबर भेटला.”

काय जल्लोष झाला! “बाबूजी, मानलं तुमाले!” “कलम की ताकत!” शुक्रवारी अर्ज, सोमवारी अंमलबजावणी! माझ्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. पण स्वतःच्या मसुद्याबद्दल माणूस आंधळा असतो. मी विनयाने सगळ्यांचे हार स्वीकारले. मंगळवारी, बुधवारीही नंबर मिळाला.

गुरुवारी मला आगाराचं पत्र आलं. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे. तथापि सदर मार्गावर वाघाचा वावर असल्याने प्रवाशांची गैरसोय संभवते. करिता नियमित प्रवाशांचे संमतिपत्र जोडावे.’

मी पत्र तीनदा वाचलं. त्रुटी अगदी रास्त होती, मीही हीच काढली असती. पण मग गाडी लवकर सोडली कोणी?

शुक्रवारी पहाटे कोरं संमतिपत्र फाइलीत घालून, मोपेडवर, वाघाला मनातल्या मनात विनंतीअर्ज करीत मी सुशीलाबाईंचं गाव गाठलं. पावणेसहा झाले होते. थंडी अशी की उरलेला जबडाही वाजत होता. थांब्यावर काळोख. म्हटलं, चिटपाखरू नसणार.

तेवढ्यात शेतातून थाळीचा आवाज आला. वाघाने ऐकून दूर व्हावं म्हणून वाजवतात तसा. मागे पाच-पंचवीस टॉर्च. कॉलेजच्या पोरी, दूधवाले, भाजीची टोपली घेतलेल्या बाया, एक म्हातारा बकरीसकट. सगळ्यांच्या पुढे थाळी बडवत, काठी टेकत, एक आंधळी म्हातारी झपाझप चालत होती. तिला टॉर्चची गरज नव्हती. तिच्या मागे सुशीलाबाई.

गाडी उभीच होती, इंजिन चालू. मी कंडक्टरला विचारलं, “गाडी किती वाजता सुटते?”

त्याने माझ्या हातातली फाइल पाहिली. “साडेसहाले.”

“आता किती वाजले?”

त्याने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. “साडेसहा होऊनच राह्यले, साहेब.”

माझ्या घड्याळात सहाला पाच कमी होते. मी रांगेकडे वळलो, संमतिपत्र पुढे केलं. “गाडी सहाला सोडायची आहे. इथे सह्या करा.”

“कायले?” दूधवाला म्हणाला. “साडेसहाची बरी हाय.”

“सहाले कोन येईन, साहेब?” टोपलीवाली बाई म्हणाली. “वाघ हाय न इकडं! अंधारात कोनी बाहेर पडते का?”

अंधारात उभ्या सगळ्या रांगेने मान डोलावली.

“आजी, तुम्ही तरी अंगठा द्या,” मी म्हातारीला म्हटलं.

“मी आंधळी, भाऊ. मले सहा काय अन् साडेसहा काय?”

माझं अर्ध्या जबड्याचं बोलणं ऐकून सुशीलाबाई थबकल्या. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण आवाज रोजचा.

“बाबूजी?”

“हो. सुशीलाबाई, गाडी किती वाजता सुटते हो?”

त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं. एकदा सासूकडे. पायरीवर पाय ठेवला.

“साडेसहालेच सुटते, बाबूजी,” म्हणाल्या, आणि आत जाऊन खिडकीशी बसल्या.

सहाला गाडी सुटली.

आजपर्यंत सुशीलाबाईंचे एकोणीस शेक झाले असून सहा बाकी आहेत. संमतिपत्रावर एकही सही न मिळाल्याने त्रुटीची पूर्तता होऊ शकलेली नाही. सबब सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.