कोमल गंधाराखालची रेघ

सोनईत मला सगळे पेटीवालीच म्हणत. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि त्यांना शेतावरून यायला उशीर झाला की भजनाला सुरुवात मी करून द्यायची. एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या वेळी माझ्या बोटांतून निघायची. गावातल्या बायका आपापल्या मुलींना माझा दाखला द्यायच्या, आणि ते मला आवडायचं. पुढं शिक्षिका व्हायला मी नगरच्या अध्यापिका विद्यालयात गेले. तिथं संगीत हाही विषय आहे हे कळलं, तेव्हा निदान एका विषयाची तरी काळजी मिटली असं मी घरी पत्रात लिहिलं.

वसतिगृहात आम्हा मुलींना एकमेकींना गावावरून हाक मारायची सवय होती. मी सोनई. माझ्या शेजारच्या खाटेवरची राजूर. ती खरं तर राजूरच्याही पुढच्या वाडीतली, डोंगरउतारावर भात करणाऱ्या घरातली. बोलायची कमी. संगीताच्या पहिल्याच तासाला तिनं पेटीच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आवाज निघताच चटका बसल्यासारखं मागं घेतलं. तोवर तिनं पेटीला कधी हात लावलेला नव्हता. मी तिला म्हटलं, भिऊ नकोस, मी शिकवीन तुला.

संगीताच्या बाई नगरच्याच. लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेल्या. वर्गात त्यांनी हातपेटी ठेवलीच नव्हती, पायपेटी होती. खाली पायांनी भाता मारायचा आणि वर दोन्ही हात मोकळे. उजव्या हातानं गाण्याची चाल वाजवायची आणि डाव्या हातानं तिच्याखाली कॉर्ड धरायची, अशी त्यांची पद्धत. कॉर्ड हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. एक स्वर घ्यायचा, त्यापुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, मग पुन्हा एक सोडून एक. सा, ग, प. तिन्ही एकदम दाबायचे. हा झाला मेजर. त्यातला फक्त ग खाली उतरवून कोमल केला की मायनर. एका बोटाचा फरक, पण बाईंनी तो वाजवून दाखवला तेव्हा वर्गातल्या बोलणाऱ्या मुली गप्प झाल्या.

माझी अडचण दुसऱ्याच दिवशी उघडी पडली. माझ्या डाव्या हातानं इतकी वर्षं फक्त भाता ओढला होता. त्याला पट्ट्या ठाऊकच नव्हत्या. उजव्या हातानं चाल सुरू केली की डावा हात तिच्याच मागं पळायचा, किंवा नुसता ताठ होऊन पडायचा. बाई म्हणायच्या, थांब, चाल विसर, आधी खालचं बघ. पण चाल विसरायची कशी? माझ्याजवळ तेवढीच तर होती.

राजूरला विसरायला काही नव्हतं. तिचे दोन्ही हात सारखेच नवे होते. पहिला महिनाभर ती चाचपडली आणि मग, मला नेमका दिवस सांगता येणार नाही, ती वाजवू लागली. बाई शिकवायच्या की पहिली कॉर्ड म्हणजे घर, चौथी म्हणजे अंगण आणि पाचवी म्हणजे गावची वेस. वेशीपर्यंत गेलं की पाय आपसूक घराकडे वळतात. एकीतून दुसरीत जाताना सगळा हात उचलायचा नाही. दोन्हींत जो स्वर असेल त्यावरचं बोट तिथंच ठेवायचं, बाकीची दोन सरकवायची. सा-ग-प वरून म-ध-सा कडे जाताना सा तसाच राहतो. सा-ग-प वरून प-नी-रे कडे जाताना प राहतो. मी हे सगळं वहीत लाल शाईनं लिहून पाठ केलं. राजूरनं काही लिहिलं नाही. तिचं बोट जिथं राहायचं तिथं राहत होतं.

एकदा बाईंनी मायनरमधली चाल वाजवली आणि पाचव्या कॉर्डमध्ये मुद्दाम कोमल नी दाबला. विचारलं, काय चुकलं? माझा हात आधी वर गेला. मी घडाघडा सांगितलं की मायनरमध्येही पाचव्या कॉर्डचा नी शुद्ध घेतात. बाई म्हणाल्या, बरोबर, पण का? मी वहीत बघितलं. वहीत 'का' नव्हतं. राजूर खाली बघत म्हणाली, "त्या कोमल नीमुळं घरी जावंसं वाटत न्हाई, बाई."

बाई हसल्या नाहीत. तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला ती सोसवेना. तिची वेणी, तिचं जेवताना मान खाली घालणं, सगळंच. दुपारी खाटेवर पडून ती कडेच्या लोखंडी नळीवर डाव्या हाताची बोटं चालवायची; मी डोकं दुखतंय म्हणून सांगायचे. ती लगेच थांबायची आणि माफी मागायची. तो दुष्काळाचा काळ. वसतिगृहात अंघोळीला अर्धी बादली पाणी मिळे आणि राजूर आपल्यातलं तांब्याभर माझ्यासाठी ठेवायची, माझे केस लांब म्हणून. मी ते पाणी घ्यायचे आणि मनात म्हणायचे, भोळेपणाचं नाटक करते. बाई तिचं मनगट स्वतःच्या हातानं धरून सरळ करायच्या; मला मात्र लांबूनच सांगायच्या. एवढ्याशा गोष्टी मी टिपून ठेवत होते. वडिलांना पत्रात मात्र लिहिलं की संगीतात मी पहिली आहे.

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलन ठरलं. शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. बाईंनी स्वतः एक गाणं रचलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आहे आणि मोठी बहीण धाकट्याला निजवते आहे. सबंध गाणं मायनरमध्ये. दहा मुली गाणार आणि पायपेटीवर एकजण. ती एकजण कोण हे विचारायची गरज नव्हती, तरी बाईंनी वर्गात नाव घेतलं तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मला गाणाऱ्यांतही घेतलं नव्हतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला कॉर्डचा मोठा कागद लिहायचं काम दिलं.

शेवटच्या ओळीच्या कॉर्ड बाईंना मनासारख्या सापडत नव्हत्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या पुन्हा बदलल्या, पेन्सिलीनं खाडाखोड केलेला कागद माझ्या हातात दिला आणि उद्या सकाळी शाईनं लिहून राजूरला दे म्हणाल्या. सकाळी मी रिकाम्या वर्गात बसून लिहायला घेतलं. कोमल स्वराखाली आम्ही आडवी रेघ देत असू. प्रत्येक ग खाली, प्रत्येक ध खाली मी पट्टी धरून रेघ मारत गेले. शेवटच्या कॉर्डशी आले. सा, ग, प. ग खाली रेघ मारायची होती. मी पट्टी लावली, टाक शाईत बुडवला आणि तसाच बाजूला ठेवला.

विसरले नाही. मला पूर्ण कळत होतं. सगळं गाणं रडवेलं आणि शेवटी एकाएकी मेजर. साहेबांच्या देखत सगळा बेरंग होईल, मुली तिच्याकडे वळून बघतील, आणि बाई ज्या नजरेनं तिच्याकडे बघतात ती नजर बदलेल. मला तेवढंच हवं होतं.

कागद मी तिला नेऊन दिला. अक्षर किती सुरेख आहे म्हणून तिनं त्यावरून हात फिरवला. बाई खुर्च्या आणि पडद्याच्या गडबडीत होत्या. त्यांनी कागद बघितला नाही.

दुपारी कार्यक्रम झाला. मी पडद्याच्या कडेला उभी होते. गाणं चांगलंच झालं. पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटची ओळ आली. वेस आली, शुद्ध नी आला, मुलींनी खालचा सा धरला आणि लांबवला. राजूरच्या डाव्या हाताखालून मेजर निघाला.

बेरंग झाला नाही. मुली नुसता सा धरून होत्या, त्याच्याशी शुद्ध ग भांडत नव्हता. उलट इतका वेळ दाटून आलेलं काहीतरी त्या एका स्वरानं मोकळं झालं. खडी फोडायला गेलेली आई दारात येऊन उभी राहिली असं मला वाटलं, आणि मला वाटलं तेच सगळ्या मंडपाला वाटलं असणार, कारण टाळ्या लगेच आल्याच नाहीत. आल्या त्या थांबेनात.

बाई धावत मागं आल्या. राजूरला त्यांनी विचारलं, शेवटी मेजर कुठून आणलास?

"हिनं लिवून दिलं, बाई," राजूर माझ्याकडे हात करून म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुला सुचलं हे?"

मी हो म्हणाले.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, चर्चमधले जुने वाजवणारे असं करतात, सबंध गाणं मायनर आणि शेवटची एकच कॉर्ड मेजर. हे मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं, तुझ्या कानाला आपसूक कसं कळलं? जिच्यासाठी मी दीड वर्ष जळत होते ती नजर आता माझ्यावर होती. पलीकडे राजूर तोंडभर हसत उभी होती.

त्यानंतर बाई मला तासानंतर वेगळं बसवू लागल्या. एखादी चाल देऊन म्हणायच्या, हिच्याखाली तुला काय ऐकू येतं ते लाव, नियम बघू नकोस. मला काहीच ऐकू यायचं नाही. मी घर, अंगण, वेस या क्रमानं दाबत जायचे आणि बाई वाट बघायच्या. तीन आठवडे त्यांनी वाट बघितली. मग एका सोमवारी त्या पेटीचं झाकण लावून निघून गेल्या, आणि पुन्हा बोलावलं नाही. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, मी विचारलं नाही.

परीक्षा झाल्या. मला नेवासे तालुक्यात शाळा मिळाली. राजूरला तिच्याच डोंगरातली, एका वाडीवरची एकशिक्षकी शाळा. तिथं फळादेखील धड नव्हता, मग पेटी कुठली? ही बातमी कळली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी तर पुढं पहिल्याच पगारातून हातपेटी घेतली.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी अकोले गावी गेले होते. तिथून जीप मिळाली म्हणून राजूर गावापर्यंत, आणि पुढं चालत तिच्या शाळेची वाडी. शाळेजवळ पोहोचले तेव्हा आतून पायपेटी वाजत होती. मी जागीच थांबले. इथंही हिला मिळाली, असं मनात आलं. दारातून डोकावले. पेटी नव्हती. मुलं होती. तिनं वर्गाच्या तीन ओळी केल्या होत्या. एक ओळ सा धरून बसली होती, दुसरी ग, तिसरी प. तिनं हात हलवला की दोन ओळी सरकायच्या आणि एक जागेवर राहायची. घर, अंगण, वेस. पुढं एक लहान मुलगी एकटी चाल गात होती. मग राजूरनं मधल्या ओळीकडे बघून तळहात जरासा खाली केला आणि तिचा ग कोमल झाला.

मुलं सुटल्यावर पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. रेघ मुद्दाम मारली नव्हती, हेही सांगितलं. ती म्हणाली, "रेघ न्हाई हे मला सकाळीच दिसलं हुतं. तू असं लिवत न्हाईस. आधी वाटलं विचारावं. मग एकदा वाजवून बघितलं, तर लई बरं लागलं. म्हटलं, राहू दे."

मी विचारलं, मग बाईंना माझं नाव का सांगितलंस?

"लिवलेलं तुझंच हुतं की."

ती चहाला पाणी ठेवायला आत गेली. मी पायरीवरच बसले होते. माफी मागायला आले होते आणि ती मिळालीही होती, म्हणजे मागायच्या आधीच. तरी पोटातली ती जुनी आग विझली नव्हती. आधी फक्त तिच्या कानाचा हेवा होता. आता ती ज्या सहजपणे हे सगळं बोलली त्याचाही वाटू लागला.

माझ्या शाळेत परत आल्यावर मीही मुलांच्या ओळी केल्या. पेटीवर एकेक स्वर देऊन बसवल्या. सा आणि प च्या ओळी आपला स्वर धरून ठेवायच्या, मधली ओळ मात्र दर वेळी दोन्हींपैकी एकीकडे ओढली जायची आणि मुलं हसायला लागायची. मीही त्यांच्याबरोबर हसायचे आणि पुन्हा स्वर द्यायचे. तीस वर्षं नोकरी केली. दोन ओळींपर्यंत जमलं, तीन ओळी कधी टिकल्या नाहीत.