अवकाशयानाची कॅसेट आणि सासूबाईंचा ड्रॉपर

लग्न होऊन मी कर्वेनगरला आले तेव्हा माझ्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या चिनी मातीच्या बावीस वाट्या होत्या. माहेरी मी अकरा वर्षं जलतरंग शिकले होते. सासरी ती ट्रंक पलंगाखाली गेली आणि चार वर्षं तिथेच राहिली. कोणी वाजवू नकोस म्हटलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, मुलगा लहान, नवरा रोज सकाळी खडकवासल्याला कामाला जायचा आणि सासूबाई दुपारी वर्तमानपत्र वाचायच्या. त्यांच्या वाचनात व्यत्यय येईल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं मात्र कधीच नाही.

सासूबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याला आपली वही तपासली जाते आहे असं वाटायचं. मी त्यांना घाबरायचे म्हटलं तरी चालेल.

एका दुपारी माझ्या जुन्या क्लासमधले एक गृहस्थ स्कूटरवरून पत्ता शोधत आले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. आता ते नाटकांना संगीत द्यायचे. टीव्हीसाठी एक मालिका होणार होती, अवकाशात भरकटलेल्या यानाची, आणि तिचं संगीत त्यांच्याकडे आलं होतं.

"कीबोर्डवर काढलेले आवाज सगळे सारखेच वाटतात," ते मला म्हणाले. "मला गार, काचेसारखा आवाज पाहिजे. एकदम तुझ्या वाट्या आठवल्या. वाजवतेस ना अजून?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं.

"अवकाशात हवा नसते," त्या म्हणाल्या. "हवा नसली तर आवाज पोचत नाही. तुमच्या मालिकेत संगीत कुठून येणार?"

गृहस्थ जरा गडबडले. मग म्हणाले, "बाई, म्हणूनच तर लागतं. नाहीतर लोक टीव्ही बिघडला म्हणून उठून जातील."

सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कसल्या वाट्या?"

मी ट्रंक बाहेर ओढली. एकेक वाटी साडीतून सोडवून जमिनीवर ठेवत गेले. एकीला तडा गेला होता, बाकीच्या धड होत्या. सासूबाई खुर्चीवरून वाकून बघत राहिल्या.

"चार वर्षं मी समजत होते की हिच्यात लोणच्याच्या बरण्या आहेत," त्या म्हणाल्या. "सांगायचं नाही का?"

मी शेवटची वाटी पुसून ओळीत ठेवली. त्याच म्हणाल्या, "उद्यापासून चार ते पाच दार लावून बस. मुलाला आणि चारच्या चहाला मी बघते."

महिनाभर मी रोज तासभर बसले. पहिले आठ दिवस हात चालेनात. काडी वाटीच्या काठावर नेमकी आणि हलकी पडावी लागते. जोरात पडली तर आवाज नुसता खणकतो. मग हळूहळू बोटं आपणहून आठवायला लागली. दाराबाहेर मुलगा रडायचा, थांबायचा, आणि सासूबाई त्याला ग्रहांची नावं म्हणून दाखवत असल्याचं ऐकू यायचं.

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस मात्र पार फसला. जलतरंगाचा सूर पाण्यावर असतो. पाणी वाढवलं की स्वर उतरतो, कमी केलं की चढतो. घरी मी अंदाजाने, कानाने लावायचे आणि त्याला वेळ लागायचा. स्टुडिओत तितका वेळ कोणाकडे नव्हता. त्यात पंख्याच्या वाऱ्याने पाण्यावर लाटा उठत होत्या म्हणून पंखे बंद करायला लावले. व्हायोलिनवाले घामाने भिजून माझ्याकडे बघत होते. दीड तास झाला तरी माझे दोन स्वर लागेनात. शेवटी रेकॉर्डिंग करणारा माणूस काचेपलीकडून शांतपणे म्हणाला, "आज बाकीचं करून घेऊ. ताईंचं उद्या बघू."

मी रिक्षात रडले. घरी आल्यावर सांगून टाकलं की मला जमणार नाही, दुसरं कोणीतरी शोधा म्हणून मी त्यांना निरोप देणार आहे.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "प्रत्येक वाटीत किती पाणी लागतं?"

"कानाने ठरतं, आई."

"कानाने ठरतं ते कळलं. किती लागतं, ते विचारते आहे."

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी मोजलंच नव्हतं. सासूबाई उठल्या, कपाटातून एक मोजपात्र आणि काचेचा ड्रॉपर काढला. शाळेतून निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी त्यांना ते आठवण म्हणून दिले होते. संध्याकाळभर आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी पेटीवर स्वर धरायचे, वाटी लावायचे, "झाला" म्हणायचे. त्या पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायच्या, परत वाटीत ओतायच्या आणि पाण्याच्या पातळीवर आतून माझ्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायच्या. एकवीस वाट्या झाल्या. नवऱ्याने पिठलं-भात केला आणि आम्हाला तिथेच ताटं आणून दिली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर स्टुडिओत आल्या. मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. पर्समध्ये ड्रॉपर, हातात आकड्यांची वही. ठिपक्यांपर्यंत पाणी भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग मी एकेक वाटी वाजवून बघत होते आणि जिथे स्वर किंचित चढा वाटेल तिथे त्या वाकून ड्रॉपरने थेंब सोडत होत्या. एक थेंब, मग माझ्याकडे बघायचं, मग दुसरा.

रेकॉर्डिंगवाल्याने तेवढ्यात टेप चालू केली होती, ते आम्हाला माहीत नव्हतं. माईक वाट्यांच्या अगदी जवळ होता. माझे सुटे स्वर आणि मधूनमधून पडणारे त्यांचे थेंब सगळे टेपवर गेले. संगीतकार काचेपलीकडे बसून ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "सुरुवात हीच ठेवायची."

"ती तयारी होती," सासूबाई म्हणाल्या. "ती पुसा आणि नीट वाजवलेलं घ्या."

"नीट वाजवलेलंही घेतो, बाई. पण हेही राहू दे. रिकाम्या यानात कुठेतरी पाणी ठिबकतंय असं वाटतं."

"यानात पाणी ठिबकत असेल तर त्यांनी आधी ते दुरुस्त करावं," त्या म्हणाल्या. काचेपलीकडचा माणूस आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच हसला.

त्या दिवशी मी चार तुकडे वाजवले. चौथा तर एकाच दमात झाला. व्हायोलिनवाल्यांपैकी सगळ्यात वयस्कर होते त्यांनी जाताना वाटीच्या काठावर नखाने हलकेच टिचकी मारली, मान हलवली आणि गेले. तेवढं मला पुष्कळ होतं.

मालिका लागली तेव्हा आमच्या घरी शेजारचे लोक जमायचे. सासूबाई प्रत्येक भागातल्या चुका सांगायच्या. यानातल्या मुलीची वेणी खाली कशी लोंबते, तिथे वजन नसतं. ज्वाळा अशा उठणारच नाहीत. शेजारची मुलं वैतागायची. पण सुरुवातीचं संगीत चालू असेपर्यंत त्या एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि कोणी बोललं तर त्याच्याकडे बघायच्या.

मालिका संपल्यावर संगीताची कॅसेट निघाली. संगीतकारांनी स्वतः घरी आणून दिली. वेष्टनावर काळ्या आकाशातलं यान, आत घडीचा कागद आणि त्यावर वादकांची नावं. जलतरंगापुढे माझं नाव होतं. त्याच्या खालच्या ओळीत छापलं होतं, 'पाणी', आणि पुढे सासूबाईंचं संपूर्ण नाव.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि तो कागद बराच वेळ वाचला.

"आडनावात दुसरी वेलांटी पाहिजे," त्या म्हणाल्या. "यांनी पहिली दिली आहे."

लाल पेन आणून त्यांनी ते दुरुस्त केलं. चार दिवसांनी त्या लक्ष्मी रोडवर गेल्या आणि आणखी तीन कॅसेट घेऊन आल्या. तिन्हींतले कागद काढून वेलांट्या सुधारल्या, परत घडी घातली आणि शाळेतल्या तीन मैत्रिणींना नेऊन दिल्या. बहिणीला पत्र लिहिलं त्यातही उल्लेख केला होता, असं मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

कॅसेट फार खपली नाही. पण ती ऐकून मला दोन-तीन नाटकांसाठी बोलावलं, मग एका नृत्यवर्गाने, मग शिकायला मुली यायला लागल्या. पुढे आम्ही वारज्याला मोठं घर घेतलं आणि सासूबाईंनी आपणहून रस्त्याकडची खोली घेतली, आतली शांत खोली मला दिली. चार ते पाच या वेळात कोणी आलं तर त्या पाहुण्याला जिन्यातच सांगायच्या, "ती कामात आहे. पाचला या."

माझा पहिला संपूर्ण तासाभराचा कार्यक्रम टिळक रोडजवळच्या एका छोट्या सभागृहात झाला. ऐंशी-नव्वद माणसं असतील. सासूबाई तोपर्यंत काठी घेऊन चालायच्या. पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी खाली उतरून त्यांच्या पाया पडले. मनात इतके दिवस साठलेलं एकदम तोंडात आलं.

"आई, तुम्ही नसतात तर ती ट्रंक अजून पलंगाखालीच असती. मी कधी बोलले नाही तुम्हाला, पण हे सगळं तुमच्यामुळे आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्वतःला सावरलं.

"तुझ्या हातामुळे आहे," त्या म्हणाल्या. मग काठीसाठी हात पुढे करून, "चारचा चहा मात्र इतकी वर्षं मी केला, ते खरं आहे."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. त्यांना काठी दिली, दंडाला धरलं आणि आम्ही दोघी पायऱ्या उतरून रिक्षा बघायला लागलो.