विहिरीतलं इंजिन

आमचं शेत भडगावच्या पुढे, गिरणा नदीच्या अंगाला. केळी आणि थोडी कपाशी. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर मोट होती. पुढे सासऱ्यांनी ऑइल इंजिन आणलं आणि ते चालवायचं काम माझ्या मालकांकडे आलं. त्यांना ते आवडायचं. हात धुऊन जेवायला बसले तरी बोटांना रॉकेलचा वास राहायचा.

एका उन्हाळ्यात पाणी फार खोल गेलं. वरून पंप ओढेना, म्हणून इंजिन दोरखंड लावून विहिरीतल्या कपारीवर उतरवलं. अरुंद विहिरीत धूर कोंडतो आणि माणसाचा जीव घेतो, हे आमच्या शिवारात कोणाला ठाऊक नव्हतं. दुपारी मालक तेल घालायला खाली गेले. मी पलीकडच्या वाफ्यात केळीच्या बुडातली पिलं काढत होते. इंजिनाचा ठोका ऐकू येत होता, दांडाने पाणी माझ्या पायाशी येत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. कितीतरी वेळ पाणी येतच राहिलं.

त्यांना वर काढलं तेव्हा अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं. फक्त नाकाशी काळं होतं. ते मी पदराने पुसलं.

इंजिनाकडे मग कोणी पाहिलं नाही. पावसाळ्यात विहीर भरली, ते पाण्यात बुडालं. माझे वडील मला न्यायला आले, पण मी गेले नाही. सासूबाई अंथरुणाला लागल्या होत्या, त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळी झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चार गडी लावून इंजिन वर काढलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. अंगणात निंबाखाली उतरवलं. गंजून लाल झालेलं, भोकाभोकांत गाळ.

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "ते घरमा कसाले आनं?"

आबा बाहेर ओट्यावर बसले होते. "केळीस्ले पानी तं लागनारच," एवढंच म्हणाले.

भडगावच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, इंजिनाचा ब्लॉक आतून बाहेरून लख्ख करा, मग मी येऊन जोडतो. आबा रोज सकाळी कामाला बसत. पिस्टन गंजाने धरला होता. वरून रॉकेल ओतून ठेवायचं आणि लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकायचं. पाणी फिरायच्या वाटांतला गाळ ते तारेने उकरत. त्यांचे हात थरथरायचे, तार भोकात जायची नाही. दोन-तीन दिवस मी चुलीपाशी बसून ते पाहिलं. मग उठले, पदर खोचला आणि त्यांच्या हातातून तार घेतली. तोवर मी सासऱ्यांसमोर कधी बसलेसुद्धा नव्हते.

"ऱ्हाऊ दे पोरी, तुन्हा हात खराब व्हतीन," ते म्हणाले. पण तार परत मागितली नाही.

आम्ही दोघं काम करू लागलो. गुळाच्या काहिलीत धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि ब्लॉकवर ओतत राहिलो. गंज सुटला, खालचं करडं बीड, ओतीव लोखंड, दिसू लागलं. धूर बाहेर पडायच्या तोंडाशी मात्र काजळीचा कडक थर होता. विहिरीच्या पाण्यानेही तो निघाला नव्हता. मी विळीच्या टोकाने खरवडला, चिंधीने पुसला. चिंधी काळी झाली आणि माझा हात तिथेच थांबला.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"हाईच काजळी व्हती, आबा. त्यास्ना नाकले."

आबांनी ठोकळा खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच त्याले सांगेल व्हतं, इंजिन खाले उतार."

हे मला माहीत नव्हतं. त्यांची चूक नाही असं म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. रागही आला नाही. मी दुसरी चिंधी घेतली. त्यांनी रॉकेलचा डबा माझ्याकडे सरकवला. ते तोंड आम्ही दोघांनी मिळून साफ केलं.

मिस्त्रीने आठवड्याभरात इंजिन जोडलं. आबांनी ते विहिरीच्या काठावर पक्क्या ओट्यात बसवून घेतलं; खाली फक्त पंप, आणि वरून लांब पट्टा. पट्टा घसरायचा, पाणी कमी यायचं. मिस्त्री म्हणाला, असं जोर धरणार नाही. आबा म्हणाले, नाही धरला तरी चालेल.

इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या शेतातली माणसं पाहायला आली. पाणी दांडात उतरलं, सगळे केळीकडे वळले. आबा मात्र कपाशीकडे तोंड करून बांधावर बसले आणि रडू लागले. पोरगा गेला त्या दिवशी ते रडले नव्हते. मी तांब्या घेऊन गेले. त्यांनी तो हातात धरला, पण प्यायले नाहीत. मग मीही त्यांच्या शेजारी बांधावर बसले.