थेंबांचं रिकामं खोकं

त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही, हात मात्र आठवतो. आईला सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथे तो शेजारी बसला होता. मंद्रूपकडचा, पन्नाशीचा. एका हाताने उपरण्याचं टोक डोळ्यावर धरलेलं. दुसऱ्या हातात थेंबांचं रिकामं खोकं, ते तो सारखं उघडत होता, मिटत होता.

तपासायला आईला आणि त्याला एकदमच आत घेतलं, मीही सोबत गेलो.

"ज्वारी काढताना पानाचं पातं डोळ्याला लागलं," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "मेडिकलातनं ह्ये थेंब आणलं. घातलं की गार वाटतंय, पर दिसंना झालंय."

बाई यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या. "पात्यावरची बुरशी जखमेतून बुबुळात शिरलीय. तिचे धागे आत पसरतायत. या थेंबांनी लाली दबते, म्हणून बरं वाटतं. पण बुरशीला अडवणारी शरीराची ताकदही दबते. तिला रान मोकळं."

त्याचं खोकं उघडणं-मिटणं चालूच होतं. "ज्वारीवर काणी येती, ती बी बुरशीच. तसलं कणीस आमी कापून जाळतो." डोळ्याचं काय, ते त्यानं विचारलं नाही.

"थेंब आजपासून बंद. बाटली कुठंय?"

खोक्यावरचा हात थांबला. "कारभारणीकडं. तिला बी काल पातं लागलंय."

त्यानं फोन लावला. स्पीकर लावून फोन मी धरला. रिंग वाजत राहिली. बाईंनीही पुढचा पेशंट बोलावला नाही.

"ते थेंब घालू नगंस," फोन उचलल्याबरोबर तो म्हणाला.

"सकाळीच घातलं की," ती म्हणाली. "लई गार वाटलं. तुमचा डोळा कसा हाय?"