भामामावशी आणि तुरटीचं पाणी

टाकव्यात मी चौदा वर्षं आशाताई म्हणून हिंडते आहे. कुठल्या घरात कोण गरोदर, कुणाच्या पोराचा डोस चुकला, कोण बीपीची गोळी घेतल्याचं खोटंच सांगतं, हे मला पाठ आहे. मी तोंडाने फटकळ आहे, हे गावाला पाठ आहे. तरीही भामामावशीच्या बाबतीत पंधरा दिवस मला काहीच कळलं नाही. त्याचा राग अजून जात नाही आणि तो माझा माझ्यावरच आहे.

भामामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या भामाबाई. वय सत्तावन्न. आंबीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं चपात्या लाटल्यामुळे मनगटं पैलवानासारखी झालेली. शिक्षण सातवी, पण आवाज खणखणीत. म्हणून वर्षावासात रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथ वाचायला तीच बसते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने पांढरी साडी नेसून ती पुढे, आणि आम्ही बायका मागे. माझ्या सासूबाई अगदी तिच्या पाठीशी बसतात. कुणी कुजबुजलं की मावशी वाचणं थांबवते आणि चष्म्यावरून बघत राहते. मग विहारात चिलटाचाही आवाज येत नाही.

अशी बाई श्रावणी पौर्णिमेनंतर विहारात यायची बंद झाली. कॉलेजात जाणारी चैताली वाचायला बसू लागली. ती प्रत्येक ओळीला अडखळे आणि बायका एकमेकींकडे बघत. कुणी म्हणालं, भामाबाई रुसली. कुणी म्हणालं, गुडघे गेले. मी सासूबाईंना विचारलं, तर त्या नुसत्या "आसंल काय तरी" म्हणाल्या आणि आपलं लुगडं धुवायला मोरीत गेल्या. आमच्या सासूबाई आपले कपडे कुणाला हात लावू देत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा देत होत्या. अलीकडे हा नवा हट्ट होता, आणि म्हातारपणी माणूस हट्टी होतंच, असं मी धरून चालले होते.

मग एक दिवस हनुमंतकाका, म्हणजे मावशीचे यजमान, मला रस्त्यात गाठून म्हणाले, "यशोधरा, तुझी मावशी माझ्याशी नीट बोलंना. मला पडवीत झोपायला लावलंय. माझं काय चुकलं, तेवढं इचार की." साठी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेतून हाकलून दिलेल्या पोरासारखा झाला होता. मला आधी हसू आलं. मग लाज वाटली.

मी गेले तेव्हा मावशी चुलीपुढे पातेल्यात पाणी तापवत होती आणि त्यात तुरटीचा खडा फिरवत होती. दुपारचे तीन वाजले होते.

"पाय दुखतायत का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग हे पाणी कशाला?"

"तू तुझ्या गरोदर बाया बघ ना जाऊन."

मी हलले नाही. मला जा म्हटलं की मी हमखास बसते. बराच वेळ ती खडा फिरवत राहिली. मग पातेलं खाली उतरवलं, दार लोटलं आणि माझ्या इतकी जवळ आली की मीच घाबरले.

"यशे, माझा वास येतो का गं?"

मला वाटलं, हिला वेडबिड लागलं की काय.

"खरं सांग. भागूचा यायचा. मी तिची लुगडी धुवायची तवा नाकाला पदर बांधायची. तिला दिसू न्हाई म्हणून पाठ करून बांधायची. पर तिला कळायचं."

भागुबाई तिची धाकटी बहीण. सोमाटण्याला दिली होती. पाळी गेल्यावर तीन वर्षांनी अंगावरून जायला लागलं. लाजेपायी वर्षभर तिने कुणाला सांगितलं नाही आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, त्यातच ती गेली.

"आता मलाबी लागलंय," मावशी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. दोन वर्षांपासून तिथे कोरडं पडायचं, आग व्हायची, लघवीला जळजळायचं. काकांजवळ जायचं म्हटलं की काचेने कापल्यासारखं दुखे. आषाढात एकदा जवळ गेल्यानंतर रक्ताचे थेंब दिसले. त्या दिवसापासून तिने काकांना पडवीत पाठवलं आणि वास येऊ नये म्हणून दिवसातून तीनदा साबण आणि तुरटीच्या पाण्याने आतपर्यंत धुवायला लागली. धुवावं तितकी आग वाढे, आग वाढली की ती जास्त धुवे. आणि श्रावणी पौर्णिमेला वाचून उठली, तर पांढऱ्या साडीला मागे डाळीएवढा लाल डाग.

"कुणी पाहिलं?"

"तुझ्या सासूनं. मागनं तिची शाल माझ्या कंबरंला गुंडाळली. बोलली कायबी न्हाई."

मीही त्या दिवशी तिथेच होते. चार हातांवर बसून मी मोबाईल बघत होते.

"उद्या तळेगावला जायचं," मी म्हटलं.

"नगं. सांगितलं की खरं व्हतं. न्हाई सांगितलं तर निदान संक्रांतीपतुर जगीन."

मी तिच्यावर ओरडले. खरंच ओरडले. भीती वाटली की मला ओरडण्याशिवाय काही येत नाही, आणि मला त्या दिवशी फार भीती वाटत होती. माझ्या आशाच्या माहितीपुस्तकात पाळी गेल्यावरचं रक्त हे धोक्याचं लक्षण म्हणूनच लिहिलेलं आहे.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टर इरावती नावाच्या बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. बहिणीचं सगळं ऐकून घेतलं. तुरटीचं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. आत तपासलं, गर्भाशयाच्या मुखाजवळचा नमुना काढला, सोनोग्राफीला पाठवलं. तपासताना मावशीने माझं मनगट असं धरलं की चार दिवस वळ राहिला.

"पाळी गेली की अंगात तयार होणारं एक संप्रेरक कमी होतं," बाई म्हणाल्या. "मग तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. थंडीत ओठ फुटतात ना, तसं. जरा घासलं की रक्त येतं. तुमचं मला तसं दिसतंय. साबणाने आणि तुरटीने ते आणखी सोललं गेलंय. आजपासून फक्त साधं पाणी, तेही बाहेरून."

"म्हंजे क्यान्सर न्हाई?"

"ते रिपोर्ट बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा साधं कारण निघतं. पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तपासायचंच. आठ दिवसांनी या."

मग त्यांनी हनुमंतकाकांना आत बोलावलं. ते बाहेर छत्री दोन्ही हातांत धरून उभे होते. बाईंनी त्यांना सरळ शब्दांत समजावलं. काका खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, म्हातारपणी माझी किळस आली तिला." मावशीने पदर तोंडात कोंबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण एसटीत ते एका सीटवर बसले.

ते आठ दिवस मला विसरता येणार नाहीत. मावशीने मला पेटी उघडून दाखवली: ही साडी नेसवा, हे कानातलं सुनेला, काकांना भात येतो पण कालवण येत नाही, तेवढं बघ. रोज सकाळी कुंपणापाशी येऊन ती मान पुढे करायची आणि मी नाक लावून सांगायचे, "नाही येत वास." मीच डॉक्टरकडे नेलं. वाईट निघालं, तर ते कागदावर छापलेलं मीच वाचून दाखवणार होते.

रिपोर्ट चांगले आले. गर्भाशयाचं अस्तर पातळ, नमुन्यात काही नाही. बाईंनी संप्रेरकाचं, आत लावायचं मलम लिहून दिलं: दोन आठवडे रोज झोपताना, मग आठवड्यातून दोनदाच. काकांजवळ जाताना वापरायची जेली वेगळी. फरक पडायला काही आठवडे लागतील, आणि पुन्हा रक्त दिसलं तर वाट न बघता यायचं. मावशीने सगळं ऐकलं. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि हमसून रडायला लागली.

"मावशी, चांगलं निघालं की."

"व्हय गं. भागूला कुणी आणलं असतं हितं?" ती म्हणाली. "मी मोठी व्हते. मी नाकाला पदर बांधत बसले."

भाद्रपद पौर्णिमेला ती विहारात आली. पांढरी साडी, चष्मा. वंदना झाली, वाचन झालं. पुरुष बाहेर पडले तशी तिने दार लावून घेतलं आणि आम्हा पंधरा-सोळा बायकांना सगळं सांगितलं. कोरडं पडणं, आग, पडवी, तुरटी, डाग, मलम. एकही शब्द गाळला नाही. दोघी-तिघी पदराआड खुसखुसल्या. ती चष्म्यावरून बघत राहिली. मग कुणी हसलं नाही.

"कुणाला हाय का आसं?" तिने विचारलं.

सगळ्या चपला शोधत उठल्या. माझ्या सासूबाई तेवढ्या उठल्या नाहीत. मी हात द्यायला वाकले, तर त्यांनी तो धरला आणि सोडलाच नाही.

"यशोधरा," त्या इतक्या हळू बोलल्या की मला गुडघ्यावर बसावं लागलं, "माझं लुगडं दोन वर्षं झाली मीच धुतीया."

मी काही बोलायच्या आधी भामामावशीने आपली शाल काढून त्यांच्या कंबरेला गुंडाळली. गाठ मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळची पैली एसटी. मीबी येते."