वाट देण्यासाठी उठलेला माणूस

दानिएल गेल्याची बातमी पलूसहून त्याच्या मुलाने फोनवर दिली आणि लगेच विचारले, "काका, साताऱ्याच्या उज्जीवन सभेत बाबा रडत रडत सगळ्यांआधी पुढे धावले होते ना? पाळकसाहेब तेच सांगणार आहेत." पाळकांनी अंत्यविधीत ते सांगितले, मंडळीने स्मरणसभेत त्यात भर घातली. मी ऐकून घेतले, आता लिहितो. दानिएल रडला नव्हता आणि धावला तर मुळीच नव्हता. मी त्याच बाकावर होतो. सांगणाऱ्यांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. उपदेशकांनी नरकाचे असे वर्णन केले की मांडवात कोणी खाकरेनासे झाले. मग डोळे मिटायला सांगून ते म्हणाले, "ज्याला तारण हवे, त्याने उठून पुढे यावे." गीत सुरू झाले. कोणी उठेना. तेच कडवे पुन्हा, पुन्हा... उठावे तर माणसे पाहणार, बसावे तर देव पाहणार. डोळे मिटलेले असताना मला दिसले कसे, असे कोणी विचारील. माझे उघडे होते. वाटेलगतच्या टोकाला दानिएल, मध्ये त्याची रूथमावशी, पलीकडे मी. मावशीला खोकल्याची उबळ आली. "सरक रं दान्या, भाईर जाऊ दे, जीव चाललाय माजा!" दानिएल उठून वाटेत उभा राहिला, आणि उपदेशक गरजले, "हालेलूया! पहिला भाऊ उठला! ये बाळा, थांबू नकोस!" स्वयंसेवकांनी त्याचे दंड धरले. मावशी दाराकडे गेली, दानिएल वेदीकडे. त्याने एकदाच मागे वळून पाहिले. तो चेहरा पश्चात्तापाचा नव्हता. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोराचा होता. त्याच्यामागे आमचा बाक उठला, मग सारा मांडव. मीही.

विनयामुळे तो कधी मंडळीपुढे साक्ष देत नसे, त्या सभेची गोष्ट सांगत नसे, असे आता म्हणतात. साफ चूक. तो भ्यालेला होता. एकदा वाईचा एक गवंडी त्याला शोधत आला. म्हणाला, "आवं दानूभाऊ, तुमाला बघून म्या उठलो. न्हाईतर दारूतच मेलो असतो." दानिएल पांढराफटक पडला. गवंडी गेल्यावर मला म्हणाला, "ह्याला खरं सांगितलं आन् त्यो परत प्याया लागला तर रं?" एवढ्यासाठी तो जन्मभर गप्प राहिला. याला ज्यांना ढोंग म्हणायचे असेल, त्यांनी ते माझ्यासमोर म्हणावे.

सांगलीच्या इस्पितळात आमची अखेरची भेट झाली. त्याने माझे मनगट घट्ट धरले. "गड्या, वर गेल्यावर त्यो इचारंल, कशाला उठलास? काय सांगू?"

"सांग की, मावशीला वाट द्यायला उठलो. त्या मांडवात इतकं खरं कारण दुसऱ्या कुणाकडं न्हवतं."

तो हसला नाही. "आन् तू? तू कशाला आलास माज्या मागनं?"

वादात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी मी त्याचे पांघरूण सारखे केले.

पलूसच्या चर्चमध्ये दानिएल नेहमी भिंतीकडच्या टोकाला बसे. लोक त्याला माणूसघाणा समजत. त्याला एवढेच हवे होते की कोणासाठीही उठावे लागू नये. त्याच्या खांद्याचा मळकट डाग तिथे भिंतीवर अजून आहे. गेल्या रविवारी मी त्या जागी बसलो. उपासनेच्या शेवटी पाळकांनी पुढे येण्याची हाक दिली, गीत सुरू झाले आणि मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. शेजारच्या तरुणाने ते पाहिले. मला पुढे जायचे आहे असे समजून तो अदबीने उठला, त्याच्यापाठोपाठ सगळा बाक वाटेत जाऊन उभा राहिला. "या काका," तो हळूच म्हणाला. वेदीपर्यंत वाट मोकळी होती आणि सारे चर्च माझ्याकडे पाहत होते... मी त्या डागावर खांदा टेकला आणि बसून राहिलो. कडवे पुन्हा सुरू झाले.