वजीरची गुलाबी बिस्किटं

दौंड स्टेशनाजवळच्या बेकरीत वजीर तेवीस वर्षं भट्टीवर होता. पाव कुणीही भाजत असे. पण वर गुलाबी साखरेचा गुळगुळीत थर असलेली बिस्किटं फक्त वजीरची. तो थर घोटताना तो दार लोटून घ्यायचा. मालकाला त्याने ते कधी दाखवलं नाही, आणि घरी बायकोलाही नाही. बानूनं विचारलं की म्हणायचा, "तुला काय करायचंय? आयती मिळतात ना?"

एकसष्ट सालच्या फाल्गुनात वजीरला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "न्हाई". तोही धड नव्हता. बानूनं "पाणी देऊ का?" म्हटलं, की "न्हाई" म्हणायचा आणि डावा हात पेल्याकडे करायचा. हो म्हणजे न्हाई आणि न्हाई म्हणजेही न्हाई.

त्यांची मुलगी मेहरुन हिचं शिरूरला मीरासाहेबांच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. मीरासाहेब कामानिमित्त दौंडला आले, की ती बिस्किटं न चुकता घरी न्यायचे. सोयरीक ठरली तेव्हा वजीरनंच बढाई मारली होती, "मंगनीत ताटभर बिस्किटं माझ्या हातची." आता मंगनी, म्हणजे साखरपुडा, तीन आठवड्यांवर आली होती, आणि ते हात बाजेवर पडून होते.

"मी करीन घरी," बानू म्हणाली.

"भट्टी कुठाय तुझ्याकडं?" शेजारची सोजराबाई म्हणाली.

बानूनं भीमेची वाळू आणून धुतली, वाळवली आणि मोठ्या पातेल्यात ओतली. पातेलं चुलीवर चढवलं, वाळूवर बिस्किटांची पत्र्याची ताटली ठेवली आणि वरच्या झाकणावर निखारे पसरले. पहिल्या दिवशी बिस्किटं खालून कोळसा आणि मधून कच्ची निघाली. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तलखीनं वनस्पती तूप पातळ झालं आणि सगळी बिस्किटं एकमेकांत मिसळून एकच भाकरी झाली. वजीर बाजेवरून बघत होता.

"मैदा कमी पडला का?"

"न्हाई."

"तूप जादा झालं?"

"न्हाई."

"मग काय, माझं नशीब?"

"न्हाई!" तो ओरडला आणि डाव्या हातानं बाजेची दोरी ओढू लागला.

पाचव्या दिवशी तिनं मळलेला मैदा ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला, तेव्हा कुठं बिस्किटांनी आकार धरला. वजीरनं एक तुकडा चावला आणि गिळला. तेवढ्यावर तिला समाधान मानावं लागलं.

वरच्या साखरेनं मात्र तिचा जीव काढला. बेकरीतल्या पोऱ्यांकडून एवढंच कळलं होतं, की त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो आणि लिंबू असतं. बानूनं साखर पाट्यावर वाटली, अंडं फेटलं, चिमूटभर गुलाबी रंग टाकला. एकदा ते बिस्किटावरून ओघळून गेलं. एकदा वाळलं, पण हाताला वाळूसारखं खरखरीत लागलं. तिनं अंडी बदलली, लिंबू वाढवलं, मग कमी केलं. दर वेळी वाटी वजीरपुढं धरायची. दर वेळी तेच उत्तर.

मंगनीला चार दिवस उरले होते. दुपारी ती वाटी घेऊन बाजेजवळ बसली, तर वजीरनं हात लांब करून तिचा पदर धरला आणि हिसकला. वाटी कलंडली. दोन अंडी आणि अर्धा शेर साखर शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली.

बानूनं त्याचा हात झटकला. "तेवीस वर्सं म्या इचारलं, तेवीस वर्सं तोंड उघडलं न्हाई तुमी! बायकोपासून लपवलं. कुणासाठी लपवलं? ती भट्टी आता बसलीया का तुमच्या उशाला? आन् आता पदर वढताय!"

वजीरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यानं पुन्हा पदर धरला, जवळची कोरड्या वाटलेल्या साखरेची परात ओढली आणि पदर तिच्यावर ताणून हलवू लागला.

दारात उभी सोजराबाई म्हणाली, "अगं बानू, ते चाळायला सांगत्यात. कापडातनं."

बानू उठली, वजीरचा जुना मलमलीचा रुमाल आणला आणि वाटलेली साखर त्यातून चाळली. खाली धुरळ्यासारखी मऊ साखर पडली. अंड्यात घोटल्यावर थर चकचकीत झाला आणि तासाभरात घट्ट वाळला.

"एवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली. आनंद झाला नाहीच तिला. "रुमालातनं चाळायचं, एवढंच? आन् त्यासाठी दार लावत व्हता?"

मंगनीला वजीरला नेता आलं नाही. सोजराबाई त्याच्याजवळ राहिली. बिस्किटं डब्यात कागदाचे थर देऊन भरली होती, तरी शिरूरच्या एस.टी.नं असे हादरे दिले, की निम्म्यांचा गुलाबी थर तडकला. मीरासाहेबांनी एक उचललं आणि चावलं.

"वजीरभाईंची लई नाजूक असायची," ते म्हणाले.

"ही त्येंची न्हाईत, भाईसाब," बानू म्हणाली. "माझी हायेत. पातेल्यात भाजलीत."

मीरासाहेब ओशाळले. हातातलं बिस्किट त्यांनी खाली ठेवलं नाही, संपवलं. पण दुसरं घेतलंही नाही. बानूनं ते पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं मेहरुनला चुलीपुढं बसवलं. मैदा किती, तूप किती, निखारे कुठवर, सगळं बोलून दाखवू लागली. मेहरुन वैतागली. "मला न्हाई शिकायचं, अम्मा. वास आला तरी मळमळतंय आता."

"करू नको मग कवाच," बानू परातीत साखर ओतत म्हणाली. "पर बघून घे. कुणी इचारलं तर सांगता आलं पायजे."